एका कानाचा स्टॉपर

साठ सालानंतरची चार-सहा वर्षं मी बालाघाटच्या टीमचा गोलकीपर होतो. दिवसभर वनखात्याच्या कचेरीत बाबूगिरी करायची, साडेपाचला सायकल काढून शाळेमागच्या मैदानावर जायचं आणि चेंडू दिसेनासा होईपर्यंत मातीत लोळायचं. आईला हे अजिबात पसंत नव्हतं. सरकारी नोकरी लागलेला मुलगा रोज गुडघे फोडून घरी येतो, हे ती शेजारणीला सांगणार तरी कसं?

आमचे कॅप्टन हायस्कूलात गणित शिकवायचे. गावात सगळे त्यांना मास्साब म्हणत, म्हणून आम्हीही मास्साबच म्हणायचो. टीम तशी बरी होती, पण आमचा मधला बॅक मंडल्याला बदलून गेला आणि गोलसमोर भगदाड पडलं. मधल्या बॅकला आमच्याकडे स्टॉपर म्हणत. समोरच्या टीमचा सेंटर फॉरवर्ड अडवायचा, एवढंच त्याचं काम, असं आम्ही धरून चाललो होतो.

एके दिवशी मास्साब एका माणसाला सायकलच्या कॅरियरवर बसवून घेऊन आले. मॅंगनीजच्या खाणीतला कामगार. तिथल्या मैदानावर खेळताना मास्साबांनी त्याला पाहिलं होतं. वय माझ्याएवढंच, तेवीस-चोवीस. उंची बेताची, अंग सडसडीत, पाय गुडघ्यात किंचित वाकडे. स्टॉपर म्हणजे दांडगा गडी हवा, अशी आमची समजूत. कोणीतरी मागून म्हणालं, "ये रोकेगा? इसको तो हवा उडा ले जाएगी." मैदानावर आमची भाषा हिंदीच असायची, मराठी बोलणारे आम्ही चार-पाच जणच. हे वाक्य त्याच्यापासून दोन हातांवर बोललं गेलं, तरी त्यानं मान वळवली नाही. मला वाटलं, गडी शांत डोक्याचा दिसतो.

त्याचं घर हट्टा गावाकडच्या एका खेड्यात. वडील मूळचे भंडाऱ्याकडचे. छप्पन सालच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले. हे त्यानं मला पुढे कधीतरी सांगितलं. तेव्हा एवढंच दिसलं की तो पाण्याची बाटली स्वतःची आणतो. आमच्या मटक्याला हात लावत नाही. का, हे आम्ही कोणी विचारलं नाही. न विचारताच ठाऊक होतं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

सुरुवातीला तो कोणालाच आवडला नाही. आमचा जुना स्टॉपर चेंडू आला की असा लाथाडायचा की तो मैदानापलीकडच्या आंब्यात जायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. हा लाथाडतच नसे. पायात घेई, बघे, आणि सात-आठ हातांवर उभ्या असलेल्या आपल्या माणसाकडे सारून देई. अंगावर आलेल्या फॉरवर्डवर झेप घेत नसे. त्याच्यासमोर पावलं मागे टाकत राही, नाचल्यासारखा. आणि मान! त्याची मान सारखी फिरायची. डावीकडे, उजवीकडे, मागे, पुन्हा डावीकडे. चेंडू पार पलीकडच्या गोलजवळ असला तरी याची मान चालूच. लोक हसायचे. मलाही तो नुसता दिखावा वाटे.

पण तीन-चार मॅचनंतर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. माझे गुडघे फुटेनासे झाले होते.

गोलकीपरला हे सगळ्यांत आधी कळतं. पूर्वी एका मॅचमध्ये मी दहा-बारा वेळा उड्या टाकायचो. आता तीन-चार वेळा. चेंडू माझ्यापर्यंत येतच नव्हता. आला तरी कोपऱ्यातून, लांबून, दमून-भागून यायचा. फॉरवर्डनं पास दिला की तो जिथे पोहोचायचा तिथे हा आधीच उभा. धावत आल्यासारखा नाही, तर तिथेच कोणाची तरी वाट बघत थांबल्यासारखा. लोक म्हणायचे, नशीबवान आहे, चेंडू त्याच्याकडेच जातो. मीही काही दिवस असंच म्हणत होतो.

मग किरनापूरची मॅच झाली. धान कापून झालेल्या एका मोठ्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, मैदान आखलं होतं. कापलेल्या धानाची खुटं पायाला टोचायची आणि बघायला आलेले लोक चारी बाजूंच्या मातीच्या धुऱ्यांवर बसले होते. दुसऱ्या अर्ध्यात आमच्या डावीकडून उंच चेंडू आला. तो सरळ माझाच होता. मी ओरडलो, "छोड! मेरा!" आणि मूठ वळून पुढे झेपावलो. तो हलला नाही. त्यानंही उडी मारली. माझी मूठ त्याच्या भुवईवर बसली, चेंडू दोघांच्या डोक्यावरून गेला आणि गोल झाला.

मी संतापलो होतो. "ऐकू येत नाही का तुले?" असं ओरडलो. भुवईतून रक्त डोळ्यात उतरत होतं. तो खाली बघत म्हणाला, "माहं चुकलं, बाबू." कचेरीत नोकरीला म्हणून तो मला पहिल्या दिवसापासून बाबूच म्हणायचा.

परत येताना आम्ही एका राइस मिलच्या ट्रकमध्ये कोंड्याच्या पोत्यांवर बसलो होतो. सूर्य मावळायला आला होता. मी त्याच्या डाव्या बाजूला होतो. राग उतरला होता आणि वाईट वाटत होतं. मी म्हणालो, लागलं का फार? उत्तर नाही. दवाखान्यात जाऊ, दोन टाके घालून घे. उत्तर नाही. तो समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला. रुसला असेल म्हणून मी उठलो आणि पोतं बदलायच्या निमित्तानं त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो. "रागावला काय रे?" असं अगदी हळू विचारलं. ट्रकच्या घरघरीत माझं मलाही धड ऐकू आलं नाही. तो लगेच वळून म्हणाला, "नाई बा. तुह्यावर काहून रागावू?"

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. मग त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "डाव्या कानानं ऐकू नाही येत ना तुले?"

त्यानं बाकीच्यांकडे एक नजर टाकली.

"दोन वर्सं झाली," तो म्हणाला. "सुरुंग लावला होता. मी जवळ होतो. तवापासून डाव्या कानात काईच नाई. मास्साबाले सांगू नोको. काढून टाकतीन मले."

मी सांगणार नाही म्हणालो. घरी पोहोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. ती मान. तो दिखावा नव्हता. आम्हाला मागून पावलं ऐकू येत, हाका ऐकू येत, म्हणून आम्ही मागे बघत नव्हतो. त्याला बघावंच लागे. दर चार-पाच श्वासांना तो सगळं मैदान डोळ्यात भरून घेई आणि पुढचा पास कुठे पडणार हे त्यावरून ताडे. आम्ही बावीस जण एका मैदानावर खेळत होतो खरे, पण ते मैदान पुरतं पाहिलेला त्यात एकटाच होता.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं मैदानावर लवकर जाऊ लागलो. उजवीकडून चेंडू आला की तो उजवीकडे तोंड करी, मग त्याचा चांगला कान माझ्याकडे येई आणि माझी हाक त्याला कळे. डावीकडून आला की माझ्याकडे बहिरा कान. मी म्हणालो, आणखी मोठ्यानं ओरडतो. तो हसला. "ओरडून काय होते, बाबू? तू ओरडू नोको. तू पाह्य. मी सांगतो."

त्यानं डावा हात पाठीमागे धरला. मूठ वळली तर चेंडू त्याचा. पंजा उघडला तर माझा. एवढंच. जगभर गोलकीपर ओरडतो आणि बॅक ऐकतो. आमच्यात ते उलटं झालं. तो पाठमोरा उभा राहून मला हुकूम द्यायचा, आणि मी त्याच्या कमरेमागच्या पाच बोटांवर डोळे लावून बसायचो. पहिल्या आठवड्यात माझा त्याच्यावर विश्वास बसेना. माझ्याकडे पाठ असलेल्या माणसाला काय कळणार, मी कुठे उभा आहे ते? पण पंजा उघडला आणि मी निघालो, की चेंडू माझ्या छातीवरच यायचा. एकदाही चुकला नाही. मी देवधर्मातला माणूस नाही, पण त्या दिवसांत घरी जाताना सायकलवर माझ्या अंगावर काटा यायचा.

त्याच हिवाळ्यात आमच्या मैदानावर टूर्नामेंट भरली. फायनलला नागपूरची एक नावाजलेली टीम आली. खेळासाठीच नोकरीवर ठेवलेली माणसं. छोट्या लाईनीच्या गाडीतून ती उतरली तेव्हा त्यांचे सारख्या रंगाचे स्वेटर बघायला स्टेशनवर गर्दी झाली होती. मैदानाभोवती इतकी माणसं मी त्याआधी पाहिली नव्हती. लालबर्ऱ्याहून लोक बैलगाड्या जुंपून आले होते.

पहिल्या अर्ध्यात त्यांनी आमचा भुगा केला. आम्ही जुन्या पद्धतीनं तीन बॅक खेळायचो, एक डावीकडे, एक उजवीकडे आणि मध्ये स्टॉपर. त्यांनी मध्ये एक नाही, दोन सेंटर फॉरवर्ड आणले होते. एक ताडमाड उंच, दुसरा बुटका आणि चपळ. उंच माणूस मुद्दाम बाजूला सरकायचा, आमचा स्टॉपर त्याच्यामागे जायचा, आणि त्या मोकळ्या जागेतून बुटका आत घुसायचा. अशाच एका वेळी तो माझ्यासमोर एकटा आला आणि शांतपणे चेंडू कोपऱ्यात ठेवून गेला. आणखी दोन गोल व्हायचे ते खांबांमुळे वाचले.

मध्यंतरात लिंबाच्या फोडी वाटल्या. मास्साब घामानं निथळत होते. त्याला म्हणाले, "तू लंब्याला सोडू नकोस. सावलीसारखा राहा."

तो म्हणाला, "मास्साब, तेच तर पायजे त्याले. मी त्याच्या मांगं गेलो का घर उघडं."

"मग?"

त्यानं चोखलेल्या लिंबाच्या फोडी मातीत मांडल्या. "लंब्याले उजवा बॅक घेईल. बुटक्याले तुमी घ्या, हाफवरून खाली या. मी कोनालेच नाई घेणार. मी समद्यांच्या मांगं राह्यतो, बाबूच्या पुढं."

मास्साब चिडले. "कोणालाच नाही घेणार? मग तू काय करणार? नुसता पाहत राहणार?"

"हौ," तो म्हणाला. "पाह्यत राह्यीन."

अशी पद्धत कुठे असते हे आमच्यापैकी कोणीच ऐकलं नव्हतं. त्यानंही ऐकलं नव्हतं. अर्ध्या तासाच्या खेळात त्याला जे दिसलं होतं, ते तो सांगत होता. मास्साबांनी फोडींकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. गणिताचा माणूस. म्हणाले, "ठीक है. करून बघू."

त्या दुसऱ्या अर्ध्याबद्दल मी पुढे अनेकांना सांगितलं. कोणाचा पुरता विश्वास बसला असं वाटत नाही. सुरुवातीलाच लंब्यानं आमच्या उजव्या बॅकला चकवलं आणि मोठं पाऊल टाकलं. दुसरं पाऊल टाकायच्या आत चेंडू त्याच्या पायात नव्हता. आमच्या माणसानं तो फळीवरचा डबा काढावा तसा काढून घेतला होता. धक्का नाही, घसरण नाही. लंब्या आणखी चार पावलं रिकामाच धावला. त्यांचा डावा विंगर आला तेव्हा यानं त्याच्याकडे धावही घेतली नाही. अंगानं आतली बाजू बंद करून बाहेरची मोकळी सोडली आणि त्याच्याबरोबर चालत राहिला. विंगरला वाटलं रस्ता मिळाला. तो त्या रस्त्यानं जात राहिला तो थेट रेषेबाहेर, बघ्यांच्या मांडीवर.

मग तो प्रसंग आला. आमचे सगळे पुढे गेले होते, चेंडू आमच्या पायातून गेला, आणि लंब्या नि बुटका दोघंच निघाले. मध्ये एकटा तो. मागे मी. पाऊण मैदान रिकामं. लोक ओरडत होते, "मार! गिरा दे!" तो मागे मागे सरकू लागला. चेंडू बुटक्याकडे होता. यानं डोळे चेंडूवर ठेवलेच नाहीत, बुटक्याच्या कमरेवर ठेवले, आणि अंग असं तिरकं धरलं की लंब्याकडे पास द्यावा तर मध्ये याचा पाय. बुटका पास द्यायला बघे, हा अर्धं पाऊल तिकडे. बुटका स्वतः घुसायला बघे, हा अर्धं पाऊल इकडे. असं करत त्यानं त्या दोघांना माझ्यापर्यंत आणलं, पण वाटेत प्रत्येक पावलाला त्यांचा वेळ खाल्ला. मागून मास्साब धावत आले होते. त्यांची चाहूल लागली आणि बुटक्यानं घाईनं चेंडू मारला. तो सरळ माझ्या पोटावर आला. मला हलावंही लागलं नाही. चेंडू छातीशी धरून मी उभा होतो. तो वळून बघत होता, पण माझ्याकडे नाही. लंब्या आता कुठे चाललाय, ते बघत होता.

आणखी एक गोष्ट सांगतो. लंब्यानं लांबून मारलेला चेंडू माझ्या बोटांना चुकवून गोलकडे घरंगळत निघाला. मी जमिनीवर आडवा पडलेला. तो धावत पोहोचला, पाय उचलला, सगळ्यांना वाटलं आता लाथाडणार, आणि त्यानं पाय मागे घेतला. चेंडू त्याच्या समोरून गेला आणि खांबाच्या बाहेरून वीतभर अंतरानं निघून गेला. त्यानं पाय लावला असता तर कॉर्नर मिळाला असता त्यांना. न लावल्यानं चेंडू आमचा झाला.

शेवटची दहा मिनिटं उरली असतील. डावीकडून उंच चेंडू आला. मी बोटांकडे पाहिलं. मूठ. त्यानं तो छातीवर घेतला, खाली उतरवला, आणि लाथाडायच्या ऐवजी मान वर करून तीन माणसांच्या मधून मास्साबांना दिला. मास्साबांनी पुढे, पुढच्यानं कोपऱ्यात, आणि तिथून आमच्या सेंटर फॉरवर्डनं डोकं लावलं. एक-एक. लोक मैदानात घुसले.

जादा वेळ खेळायला उजेड उरला नव्हता आणि नागपूरवाल्यांना सकाळची गाडी गाठायची होती. कमिटीनं दोघांनाही विजेते ठरवलं. शील्ड आधी कोणाकडे राहणार यावर नाणं उडवलं, ते आम्ही हरलो.

त्यांचे मॅनेजर शील्ड काखेत घेऊनच आमच्याकडे आले. पांढऱ्या केसांचे, कोट घातलेले गृहस्थ. त्याच्या डाव्या बाजूनं आले आणि विचारलं, "बेटा, ये पीछे रहकर खेलना किसने सिखाया?" तो बुटाची नाडी सोडत होता. मी पटकन पुढे झालो, त्याच्या खांद्याला हात लावला आणि म्हणालो, "कोई नहीं साहब, खुद ही." त्यांनी तिथल्या तिथे त्याला नोकरी देऊ केली. नागपूरला ये, टीममधून खेळ, पक्की नोकरी.

ते गेल्यावर तो मला म्हणाला, "बाबू, जाऊ का?"

नोकरीआधी डॉक्टर तपासतो हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. तरी मी म्हणालो, "जा." त्या दिवशी दुसरं काही म्हणणं मला शक्यच नव्हतं.

तो गेला आणि आठवडाभरात परत आला. मैदानावर आला तेव्हा सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. तो खाली बसला आणि अगदी सहज सांगू लागला. "डाक्टरनं डोळे बंद कराले लावले. खिशातलं घड्याळ काढून उजव्या कानाशी धरलं, म्या म्हटलं वाजते. मंग डाव्याशी धरलं. म्या म्हटलं, सायेब, घड्याळ बंद पडलं तुमचं."

तो हसला. आम्हाला हसावं की नाही कळेना.

"त्यायच्या मॅनेजरनं लय भांडण केलं माह्यासाठी," तो म्हणाला. "म्हणे, याले कान नसला तर काय झालं. पण कागद कागद असते."

मग तो मास्साबांकडे वळला. "मास्साब, तुमाले सांगितलं नोयतं. आता समद्याइलेच कळलं. काढाचं असन तर काढा."

मास्साब उठले. मटक्याजवळ गेले, पेला भरला आणि त्याला आणून दिला. तो क्षणभर पेल्याकडे बघत राहिला, मग प्यायला. मास्साबांनी रिकामा पेला हातात घेऊन सगळ्यांना म्हटलं, "आजपासून याच्या डाव्या बाजूनं कोणी ओरडायचं नाही. हात दाखवायचा. ज्याला खुणा येत नाहीत त्यानं शिकून घ्यायच्या." आणि माझ्याकडे बघून, "तुला येतात वाटतं आधीच." मी मान खाली घातली.

त्यानंतरची तीन वर्षं आमचा बचाव हातांनी बोलायचा. बाकी टीमा आरडाओरडा करत येत आणि समोर ही गप्प माणसं बघून गोंधळून जात. गोलात उभा राहून मी ते बघायचो. त्याचा हात हलला की चार माणसं एका दोरीला बांधल्यासारखी सरकत. मी त्या वर्षांत किती कमी गोल खाल्ले याचं कौतुक लोक माझ्या तोंडावर करायचे. मी खरं सांगायचो, त्यांना विनय वाटायचा.

पुढे माझी सिवनीला बदली झाली, लग्न झालं, खेळ सुटला. सत्तरनंतर एकदा घरी आलो असताना कळलं की लालबर्ऱ्याला मॅच आहे आणि तो अजून खेळतो. मी गेलो. कानशिलं पांढरी झालेली, पाय आणखी वाकडे, समोर त्याच्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान फॉरवर्ड. मी बाजूच्या रेषेला, त्याच्या जागेच्या थोडं पुढे जाऊन बसलो, म्हणजे खेळताना तो मला समोरून दिसावा. इतक्या वर्षांत मी त्याची पाठच पाहिली होती.

आणि मला दिसलं की त्याचे ओठ हलताहेत. मॅचभर. मान फिरे आणि ओठ हलत. मान फिरे आणि ओठ हलत. त्या दिवशीही त्याला ओलांडून कोणी गेलं नाही.

मॅच संपल्यावर आम्ही रस्त्याकडेच्या टपरीवर बसलो. मी आपसूक त्याच्या उजवीकडे बसलो होतो. विचारलं, "खेळताना काय पुटपुटतोस रे?"

"काई नाई," तो लाजल्यासारखा म्हणाला. "माणसं मोजतो. त्यायचे दहा, गोली सोडून. नऊ दिसले का मले समजते, एक मांगं आहे."

"पहिल्यापासून?"

"कान गेला तवापासून."

चहावाल्यानं दोन कप आणून ठेवले. तो बशीत चहा ओतून फुंकर घालू लागला आणि मला विचारू लागला, सिवनीला पाणी कसं आहे, पोरं किती झाली, कचेरीत साहेब बरा आहे का. मी सांगत होतो, पण माझं लक्ष त्याच्या ओठांकडे होतं. हजारो वेळा, दर चार-पाच श्वासांना, दहापर्यंत.